सीमेपलीकडचा रस्ता आखायचा, तर आधी थांबा आखा

मुंबईत स्थापत्य अभियांत्रिकी करून आता वाहतूक नियोजन शिकणाऱ्या एका तरुणीने विचारलं आहे: "शेजारी देशाला जोडणारा रस्ता किंवा रेल्वेमार्ग आखताना व्यापार आधी धरायचा की सुरक्षा? वर्गात सांगतात, दोन्हींचा तोल साधा. प्रत्यक्षात तो कसा साधतात? आणि रस्ता झाला की व्यापार आपोआप येतो, हे खरं का?"

उत्तर लांब होणार आहे. माझी अठ्ठावीस वर्षं याच कामात गेली. पहिली काही वर्षं न्हावा-शेव्याला कस्टम्स एजंटकडे शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीचे कस्टम्सचे अर्ज, भरण्यात गेली, नंतरची मालवाहतुकीच्या मार्गांचे आराखडे करण्यात.

"तोल" हा शब्द मला खटकतो. तराजू डोळ्यांसमोर आला की एका पारड्यात टाकायचं तर दुसऱ्यातलं काढायचं, असंच मनात बसतं. सीमेवर तसं नसतं. जिथे ट्रक तीन-तीन दिवस उभे राहतात, तिथेच पोती फुटतात, सील बदलली जातात आणि चालकाच्या नकळत मालात भलतंच काही सरकवलं जातं. उभा असलेला माल हा सगळ्यांत असुरक्षित माल. म्हणजे माल रखडतो तेव्हा व्यापारी बुडतो आणि पहारेकऱ्याचीही झोप उडते. म्हणून माझ्या आराखड्याची सुरुवात रस्त्यापासून होत नाही, थांब्यापासून होते. सीमेवर कोण, कुठे, किती वेळ आणि कशासाठी थांबतो, हे कळल्याशिवाय किती पदरी रस्ता हवा, हे मी सांगूच शकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी वरुडहून संत्री घेऊन बांगलादेशला निघालेल्या एका ट्रकबरोबर मी पूर्वेकडच्या एका सीमा नाक्यापर्यंत गेलो होतो. हातात एक साधी वही. कधी निघालो, कधी थांबलो, का थांबलो, एवढंच लिहायचं. विदर्भातून निघून सीमेपर्यंतचा हजाराहून जास्त किलोमीटरचा सगळा प्रवास दीड पानात मावला. उरलेली वही शेवटच्या तीन किलोमीटरांनी भरली. पार्किंगमध्ये नंबर लावणे. कारपाससाठी, म्हणजे ट्रकला पलीकडे जाऊ देणाऱ्या परवान्यासाठी, थांबणे. रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राची एक प्रत कमी पडली म्हणून थांबणे. पलीकडच्या गोदामात जागा नाही म्हणून थांबणे. दुसऱ्या रात्री चालकाने ताडपत्रीची एक बाजू सोडून वर बांधली, फळाला वारा लागावा म्हणून. सकाळी त्याने वरच्या थरातला एक क्रेट उतरवला, कोपऱ्यातलं एक संत्रं अंगठ्याने दाबलं आणि मला काही न बोलता दाखवलं. अंगठा आत गेला. त्या भागात नवा चौपदरी रस्ता व्हावा म्हणून तेव्हा मोठी मागणी होती. तो झाला असता तर हा ट्रक काही तास आधी पोचला असता, आणि रांगेत तेवढेच तास जास्त उभा राहिला असता.

त्यामुळे रस्ता झाला की व्यापार आपोआप येतो, हे खरं नाही. रस्त्याने ट्रक येतात, व्यापार येतो तो गेट वेळेवर उघडलं तर.

आता थोडं गणित, कारण परीक्षेत नसलं तरी कामात हेच लागेल. सीमा नाक्याच्या आवारात एका वेळी किती ट्रक उभे असतील? रोज येणारे ट्रक गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. समजा, दिवसाला ४०० ट्रक येतात आणि एकेक ३ दिवस थांबतो. म्हणजे १,२०० ट्रकांची जागा हवी. हाच मुक्काम अर्ध्या दिवसावर आणला, तर २०० ट्रकांची पुरते. वळायला-फिरायला धरून एका ट्रकला साधारण १५० चौरस मीटर लागतात असं माना. वाचलेल्या हजार ट्रकांची जागा होते दीड लाख चौरस मीटर, म्हणजे १५ हेक्टर. सीमेलगतची १५ हेक्टर शेतजमीन घेण्यापेक्षा कागदपत्रं ट्रक निघायच्या आधी तपासणं कितीतरी स्वस्त. आणि हे गणित सरासरीवर कधीच सोडायचं नाही. पूजेची किंवा ईदची सलग सुट्टी संपते त्या सकाळी जी गर्दी लोटते, तीच तुमची खरी मागणी.

सुट्टी हा विषय वरवर किरकोळ वाटतो, पण मी पाहिलेले निम्मे आराखडे इथेच फसले. आपली साप्ताहिक सुट्टी रविवारी, इराणची शुक्रवारी, बांगलादेशची शुक्रवारी आणि शनिवारी. आपल्या बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. दोन्हीकडची कचेरी, बँक आणि तपासणी एकाच वेळी सुरू असण्याचे दिवस मोजले, तर सात दिवसांच्या आठवड्याचे चार-पाचच उरतात. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यावर २०१७ पासून मालाची ये-जा चोवीस तास सुरू ठेवण्याची व्यवस्था झाली, ती फार मोलाची. पण एका बाजूचं गेट रात्री उघडं असून उपयोग नाही, पलीकडे माल उतरवून घेणारा जागा हवा. तिथे आपला ट्रक पलीकडच्या, बांगलादेशातल्या बेनापोलच्या आवारात जाऊन रिकामा होतो आणि माल त्यांच्या ट्रकवर चढतो. म्हणजे आपली क्षमता त्यांच्या गोदामाएवढीच. आपण इकडे कितीही मोठा यार्ड बांधला तरी अरुंद जागा पलीकडेच राहते. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ ला थिंफूत मोटार वाहन करार केला तो याचसाठी, की ट्रकने सरळ पुढे जावं. पुढे भूतान त्यातून बाजूला राहिला. आपल्या डोंगरी रस्त्यांवर बाहेरच्या ट्रकांची गर्दी होईल ही त्या छोट्या देशाची काळजी होती आणि ती मला रास्तच वाटते.

आता मुंबईकडे येतो, कारण मुंबईला जमिनीची सीमा नाही म्हणून हा विषय आपला नाही असं पुष्कळांना वाटतं. मुंबईहून रशियात जाणारा आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण वाहतूक मार्ग भारत, इराण आणि रशियाने सप्टेंबर २००० मध्ये ठरवला. न्हावा-शेवा, तिथून समुद्राने इराणचं बंदर अब्बास, मग इराण ओलांडून कास्पियनच्या काठाने वर. एकूण सुमारे ७,२०० किलोमीटर. २०१४ मध्ये आपल्या मालवाहतूकदारांच्या महासंघाने प्रत्यक्ष कंटेनर पाठवून मार्ग तपासला. कागदावर तो सुएझच्या वाटेपेक्षा बराच जवळचा आहे. अडतं कुठे? इराणमध्ये रश्त ते अस्तारा हा सुमारे १६२ किलोमीटरचा रेल्वेचा तुकडा नाही. मे २०२३ मध्ये रशिया आणि इराणने तो बांधायचा करार केला. तो झाला तरी अझरबैजानच्या सीमेवरच्या अस्ताऱ्याला इराणची, दोन रुळांमध्ये १,४३५ मिलिमीटर अंतर असलेली रेल्वे संपते आणि १,५२० मिलिमीटरची सुरू होते. फरक फक्त ८५ मिलिमीटर, जेमतेम चार बोटं रुंद. त्या चार बोटांसाठी डब्याखालची चाकांची चौकट बदलायची किंवा कंटेनर क्रेनने उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवायचा. ७,२०० किलोमीटरांची क्षमता त्या एका क्रेनवर आणि तिच्या पाळ्यांवर ठरते. नकाशावर अशा मार्गाची लाल रेघ दिसली की माझं बोट आधी रेघ तुटते तिथे जातं.

याच मार्गाबद्दल मस्जिद बंदरच्या एका सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्याशी बोललो होतो. दुकानात अंजिरांच्या माळा टांगलेल्या, समोर गादी, पाठीमागे पोत्यांवर खडूने तारखा लिहिलेल्या. मी त्यांना दिवस किती वाचतील ते सांगत होतो. ते म्हणाले, "शेठ, तीस दिवस लागू द्या. पण तीस म्हणजे तीसच. एकदा वीस आणि एकदा पन्नास, असं असेल तर मी गोदाम पन्नासाच्या हिशेबानेच भरतो." माझ्या मते वाहतूक अर्थशास्त्राचा सगळ्यांत कामाचा धडा हाच. लागणाऱ्या वेळेपेक्षा त्या वेळेतली अनिश्चितता महाग पडते. म्हणून सरासरी वेळेबरोबर सर्वांत वाईट दहा टक्के फेऱ्यांना किती वेळ लागला, ते जरूर लिहा. सुरक्षेलाही तेच उपयोगी पडतं. सगळे ट्रक वेळेत येत असतील, तर उशिरा आलेला एक चटकन नजरेत भरतो. सगळेच उशिरा येत असतील, तर संशय कोणाचा घेणार?

सुरक्षेबद्दल मुंबईच्या माणसाने बोलताना १९९३ विसरून चालणार नाही. त्या स्फोटांसाठीची शस्त्रं आणि आरडीएक्स कुठल्याही अधिकृत गेटमधून आलं नव्हतं. ते रायगड किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, रात्री उतरवलं गेलं. पुढे न्यायालयाने काही कस्टम्स अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवलं. गेटवर दहा जादा तपासण्या लावून ते थांबलं नसतं. उलट अधिकृत वाट जितकी त्रासाची, तितकी आडवाट फायद्याची होते, हे आपल्या किनाऱ्याने सोन्या-चांदीच्या तस्करीच्या काळातच पाहिलं होतं.

दुसरं उदाहरण थेट बंदर अब्बासच्या मार्गावरचं. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने दोन कंटेनरमधून जवळजवळ ३,००० किलो हेरॉइन पकडलं. कागदावर माल होता अफगाणिस्तानातला टाल्क दगड, आणि तो आला होता बंदर अब्बासवरून. ते सापडलं आधी हाती आलेल्या माहितीमुळे. येणारा प्रत्येक डबा रिकामा करून बघणं कुठल्याही बंदराला जमत नाही, आणि तसं करायला गेलं तर हजार डब्यांच्या गर्दीत तो एक डबा आणखी सुरक्षित लपतो. म्हणून तपासणी सीमेवर रचायची नाही. माल भरला जातो तिथे ती करायची, सील लावायचं, सील तुटलं तर कळेल अशी सोय करायची, आणि सीमेवर फक्त संशयित माल बाजूला घ्यायचा. टीआयआर हा आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचा करार याच तत्त्वावर चालतो. एकदा सील, एक दस्तावेज, एक हमी, आणि वाटेतल्या सगळ्या देशांच्या कस्टम्सना ती मान्य. भारत त्यात २०१७ मध्ये आला. इराण, रशिया आणि अफगाणिस्तान आधीपासून आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत अफगाणिस्तानातल्या झरंजहून २३ ट्रकांमधून ५७ टन सुका मेवा, गालिचे वगैरे माल मुंबईसाठी इराणच्या चाबहार बंदराकडे निघाला, तेव्हा ही साखळी जुळू शकते हे दिसलं. त्याआधी त्या बाजूला झरंज ते दिलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने बांधला होता. त्या कामावर माणसं मारली गेली. त्या रस्त्याबद्दल लिहिताना मी हे कधी गाळत नाही.

सीलबद्दल एक जवळून पाहिलेली गोष्ट. माझ्या एजंटगिरीच्या दिवसांत एका टर्मिनलच्या गेटवर पहाटे आमचा कंटेनर अडला. बोल्ट सील शाबूत होतं, पण शिपिंग बिलात सात आकड्यांपैकी शेवटचे दोन उलटसुलट पडले होते. गेटवरच्या माणसाने बॅटरीचा उजेड पाडून आकडे तीनदा वाचले आणि ट्रेलर बाजूला लावायला सांगितला. त्याचं बरोबरच होतं. चूक अशी होती की दुरुस्तीचा अधिकार असलेला कोणीही सकाळी अकरापर्यंत येणार नव्हता आणि ट्रेलर बाजूला लावायला जागाच नव्हती. तो रस्त्याच्या कडेला, अंधारात, सीलबंद माल घेऊन सहा तास उभा राहिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक आराखड्यात "अडलेल्या वाहनाची जागा" आतल्या आवारात, दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर असते, आणि चूक दुरुस्त करणारा अधिकारी पाळीवर असतो. आता इलेक्ट्रॉनिक सील आली आहेत, आकडा यंत्र वाचतं. पण अडलेलं वाहन उभं कुठे करायचं, हा प्रश्न यंत्र सोडवत नाही.

कायद्याचं काम सिमेंटच्या आधी सुरू करावं लागतं. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यामध्ये झांबेझी नदीवर चिरुंडूला २००९ मध्ये आफ्रिकेतलं पहिलं एकथांबा सीमा केंद्र सुरू झालं. आधी ट्रक दोनदा थांबायचा, दोन्ही काठांवर. आता ज्या देशात शिरायचं त्याच्याच आवारात दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी बसून काम उरकतात. यासाठी नवा पूल बांधावा लागला नाही. बदलावा लागला कायदा, कारण एका देशाचा कस्टम्स अधिकारी दुसऱ्या देशाच्या भूमीवर अधिकार चालवणार होता. त्याने परक्या जमिनीवर एखाद्याला अटक केली तर? त्याच्याकडे शस्त्र असावं का? हे प्रश्न आधी सोडवले म्हणून इमारत उपयोगी ठरली. आपल्याकडे सीमेवरची भूबंदरं, म्हणजे मोठे नाके, गृह मंत्रालयाखालच्या लँड पोर्ट्स ऑथॉरिटीकडे २०१२ पासून आहेत, कस्टम्स अर्थ मंत्रालयाचं, रोप-फळांची तपासणी कृषीची, पहारा बांगलादेशच्या सीमेवर बीएसएफचा तर नेपाळच्या सीमेवर सशस्त्र सीमा बलाचा. नकाशा काढायच्या आधी या सगळ्यांना एका टेबलाशी बसवा. पहारा देणाऱ्याला रेखांकन झाल्यावर बोलावलं तर तो फक्त भिंती वाढवेल, कारण त्याच्यासाठी तेवढंच उरलेलं असतं.

आसभारावर, म्हणजे ट्रकच्या एका आसावर पडणाऱ्या वजनावर, थोडक्यात. रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावर १० टक्के जास्त भार म्हणजे झीज सुमारे ४६ टक्के जास्त. आपण २०१८ मध्ये मालट्रकांची भारमर्यादा वाढवली. शेजाऱ्याचे पूल जुन्या मर्यादेचे असतील, तर आपला पूर्ण भरलेला ट्रक तिकडे बेकायदा ठरतो. दोन्हीकडचे वजनकाटे एकमेकांचं वजन मान्य करतील, हे करारातच लिहून घ्या.

माणसांवर मात्र थांबून बोलायचं आहे. ट्रक सरळ पलीकडे जाऊ लागले की माल उतरवणारे-चढवणारे हमाल बेकार होतात. ते विरोध करतात, आणि त्यांना अडथळा म्हणणारे अहवाल मी वाचले आहेत. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, डोक्यावर ओझं वाहणाऱ्याला हक्काची मजुरी दिली. त्या परंपरेत वाढलेल्या नियोजकाने त्यांचं नाव आराखड्याच्या पहिल्या भागात घ्यायला हवं, परिशिष्टात नाही. शीतगृह, पॅकिंग, प्रतवारी, अशी कामं त्याच आवारात उभी करता येतात. उरणचं तर आपल्याला ठाऊकच आहे. न्हावा-शेवा बंदराच्या जमिनीसाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. ज्या गावांची जमीन जाते त्यांनाच त्या प्रवेशद्वाराचा पहिला फायदा मिळाला पाहिजे, हे न्यायाचं आहे. आणि सुरक्षेचंही. रात्री अनोळखी होडी लागली तर ती पहिल्यांदा कोळ्याला दिसते. तो आपला असेल तर फोन करेल.

शेवटचा मुद्दा दुसऱ्या वाटेचा. मार्च २०२१ मध्ये एक जहाज आडवं झालं आणि सुएझ सहा दिवस बंद पडलं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाऊ लागले. एकच वाट म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपली दोरी. पण हे शेजाऱ्यालाही तितकंच कळतं. २०१५ च्या सप्टेंबरपासून रक्सौल-वीरगंज सीमेवर काही महिने कोंडी झाली, नेपाळात इंधन आणि औषधांचे हाल झाले, आणि २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. १४ सप्टेंबर २०२० ला आपण कांद्याची निर्यात अचानक बंद केली, तेव्हा नाशिकचा कांदा सीमेवरच्या ट्रकांत आणि मुंबईच्या बंदरात अडकला. त्याच वर्षी मे महिन्यात लासलगाव परिसरातला कांदा मालगाडीने बांगलादेशात पोचवून दाखवला होता. रेल्वेने महिनोन् महिने खपून कमावलेला विश्वास एका आदेशात गेला. बंदी घालावी लागली तरी रस्त्यात असलेला माल जाऊ द्यायचा, एवढी एक अट आराखड्याबरोबरच्या करारात घालता येते. ती घाला. खर्च शून्य.

तुम्ही मुंबईतच आहात, तर सुरुवात इथूनच करा. उरण रस्त्याला जा आणि एखाद्या चालकाला विनंती करून भरलेल्या ट्रेलरमध्ये बसा. गेटमधून आत जाईपर्यंत प्रत्येक थांब्याची वेळ आणि कारण लिहा. कारण चालकाच्या शब्दांत लिहा, आपल्या नाही. "साहेब जेवायला गेले" असं असेल तर तसंच. शनिवारी एकदा आणि सलग सुट्टीनंतरच्या सोमवारी एकदा, अशा दोन फेऱ्या करा. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून फरक कुठे पडला ते बघा, आणि त्यानंतर पेट्रापोलचं तिकीट काढा. कोलकत्याहून सुमारे ८० किलोमीटर आहे, जशोर रोडने, दोन्ही बाजूंना जुनी अवाढव्य झाडं. तिथली वही भरली की मला दाखवा.